जुन्या रिकर्व्ह धनुष्याचं पॉलिश दर पावसाळ्यात का बिघडतं?

तक्रार साधारण एकाच साच्यातली असते. माळ्यावरून किंवा चोरबाजारातून साठ-सत्तरच्या दशकातलं लाकडी रिकर्व्ह धनुष्य, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, हाती लागतं. घासून-पुसून त्याला पॉलिश होतं, फोटो निघतात, मित्रमंडळी वाहवा करतात. मग जुलैत कधीतरी ते कापडातून बाहेर काढावं तर लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भागावर, दुधाळ पापुद्रा आलेला असतो, ग्रिप बोटाला चिकटते, नाहीतर दोरी चढवल्याबरोबर आडव्या चिरा दिसतात. परत सगळं घासायचं, दुसऱ्या कंपनीचा डबा आणायचा, आणि पुढच्या पावसात तेच रडगाणं.

डबा बदलणं सोपं, म्हणून सगळे तेच करतात. पण पॉलिश पेपर हातात घेण्याआधी बिघाड धनुष्याच्या नेमक्या कुठल्या भागावर आहे ते बघा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं. मधला धरायचा लाकडी भाग म्हणजे रायझर आणि त्याच्या दोन बाजूंचे वाकणारे लिम्ब, यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. त्या काळच्या अमेरिकन धनुष्यांत, मग ते बेअरचं असो, बेन पिअर्सनचं असो की डेमन हॉवटचं, लिम्ब म्हणजे मधे मेपलच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्या पुढे-मागे फायबरग्लासची एकेक पट्टी, सगळं चिकटवून एकजीव केलेलं. रायझर रोझवूड, बुबिंगा, अक्रोड किंवा मेपलचा. लाकूड हवेतला ओलावा पितं, फायबरग्लास पीत नाही. रायझर वाकत नाही, लिम्ब दर बाणाला वाकतात. आपण मात्र दोघांवर एकच पॉलिश मारतो आणि दोघांकडून एकाच वागणुकीची अपेक्षा ठेवतो.

पांढुरकेपणा

सगळ्यात जास्त दिसणारा त्रास हाच. स्वच्छ कापडाचा बोळा साध्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवून पांढुरक्या जागेवर फिरवा. जागा ओली असेतो पांढरेपणा गेला आणि सुकल्यावर परत आला, तर तो फक्त वरच्या बारीक खरखरीचा आहे. पुरेसं बारीक घासलं गेलं नसेल, किंवा नुसती धूळ बसली असेल. ओलं असतानाही पांढरंच दिसलं तर दोष पॉलिशच्या थरात आहे. आणि तो पांढरा डाग फायबरग्लासच्या खाली असेल, अंगठ्याने दाबल्यावर त्याचा आकार बदलत असेल किंवा कडेला रेघ उघडलेली दिसत असेल, तर पॉलिशचा विषयच संपला. तो सांधा सुटलाय. असं धनुष्य ओढायचं नाही, रिकाम्या हाताने गंमत म्हणूनसुद्धा नाही.

थरातला पांढरेपणा येतो तो मुंबईच्या हवेमुळे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर असो की स्पिरिट पॉलिश, त्यातला द्राव झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्या खाली गेलं की हवेतलं पाणी ओल्या थरावर उतरतं आणि त्यातच अडकतं. आता आकडे बघा. जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. मधलं अंतर तीन अंशांचं. एवढं थंड व्हायला थिनरला काही सेकंद पुरतात. जानेवारीतल्या दुपारी ३० अंश आणि ४५ टक्के असेल तर दवबिंदू १७ अंशांच्या जवळ, म्हणजे हाताशी तेरा अंश. डबा तोच, हात तोच, आणि निकाल वेगळा.

यातला एक प्रकार लवकर लक्षात येत नाही. धनुष्य बेडरूममध्ये असतं, रात्रभर एसी २४ वर चाललेला असतो. सकाळी वास नको म्हणून ते बाल्कनीत नेऊन स्प्रे मारतात. बाहेरचा दवबिंदू २५, धनुष्य २४ वर. पहिला थेंब पडायच्या आधीच त्यावर पाण्याचा न दिसणारा थर बसलेला असतो. एसीतून बाहेर आल्यावर चष्म्याचं जे होतं तेच इथे होतं, फक्त धनुष्यावरचं कुणी बघत नाही. उपाय सोपा: धनुष्य ज्या हवेत रंगवायचं त्याच हवेत आधी दोन-तीन तास ठेवा.

लालबागकडे फर्निचरला पॉलिश करणाऱ्या एका काकांना जुलैत विचारलं होतं, "काका, एनसीचे दोन हात मारून द्याल का?" त्यांनी हातातलं काम थांबवलंसुद्धा नाही. "आत्ता नको रे बाबा. गणपती जाऊ देत. आत्ता मारलं तर पांढरं फटक पडेल आणि शिव्या मला घालशील."

पडलंच असेल पांढरं, तर घाई करू नका. एनसीचा थर थिनरने परत विरघळतो. कोरडा दिवस बघून रिटार्डर, म्हणजे हळू उडणारं थिनर, अगदी हलका फवारा मारून लावलं की थर पुन्हा सैल होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि बहुतेक वेळा पारदर्शकपणा परत येतो. स्पिरिट पॉलिशच्या बाबतीत स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा हलक्या हाताने फिरवला तरी भागतं. दोन डबे मिसळून लावायचं पीयू (पॉलियुरेथेन) मात्र एकदा पक्कं झालं की विरघळत नाही, ते घासूनच काढावं लागतं. शिवाय त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटचं पाण्याशी वाकडं आहे. दोघं भेटले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि थरात टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात. हार्डनरचा डबा एकदा उघडून पावसाळाभर ठेवला की तो गढूळ होतो किंवा आतल्या आत घट्ट होतो, म्हणून लहानातला लहान डबा घ्या. घरच्या घरी दोन डब्यांचं पीयू फवारूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वाफेला साधा एन-९५ मास्क अडवत नाही, आणि एका धनुष्यासाठी फुप्फुसं पणाला लावण्यात काही अर्थ नाही.

ग्रिप चिकटते, लिम्ब मात्र कोरडे

हा फरक दिसला तर हवेला दोष देऊ नका. हवा दोन्हीकडे सारखीच होती, मग लिम्ब सुकले आणि रायझर का नाही? कारण रायझरच्या लाकडात आहे. रोझवूड, बुबिंगा अशा उष्ण प्रदेशातल्या लाकडांत नैसर्गिक तेलं आणि रसायनं असतात. तेलकट वार्निश हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि ही रसायनं नेमकी त्यातच आडवी येतात. वरून कितीही पंखा लावा, आठवडाभर वाट बघा, बोटाचा ठसा उमटतच राहतो. त्यावर आणखी एक हात मारला की त्रास दुप्पट.

आपल्याकडे याचं उत्तर पिढ्यान् पिढ्या आहे. गिरगावातल्या जुन्या घरांत शिसवी कपाटं आणि आरामखुर्च्या असत. आपला शिसव आणि ब्राझीलचा रोझवूड एकाच डाल्बर्जिया वंशातले. त्या फर्निचरला स्पिरिट पॉलिश व्हायचं, म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून. लाख सुकते ती स्पिरिट उडाल्याने, ऑक्सिजनच्या भरवशावर नाही. त्यामुळे लाकडाच्या तेलाचं तिच्यापुढे काही चालत नाही. चिकट राहिलेलं वार्निश पूर्ण काढा, रायझर ॲसिटोनच्या फडक्याने पुसा, तासाभराच्या आत लाखेचे दोन पातळ हात द्या, आणि मग वरून हवं ते वार्निश. पुसून उद्यावर टाकलं तर आतलं तेल परत वर येतं. ॲसिटोन फक्त लाकडावर, फायबरग्लासवर आणि जुन्या अक्षरांवर नाही.

एक गोष्ट मात्र सांभाळायची. चपड्यात मूळचंच पाचेक टक्के मेण असतं आणि मेणावर पीयू नीट धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. लाख काचेच्या उभ्या बरणीत विरघळवून काही दिवस न हलवता ठेवा. खाली फिकट गढूळ साका बसतो आणि वर चहाच्या रंगाचं नितळ द्रावण राहतं. बरणी न डुचमळवता वरचं तेवढंच ओतून घ्या. आणि लाख जुनी असेल तर वापरण्याआधी काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी नखाला मऊ लागला तर ती लाख शिळी झालीय, कितीही वाट पाहिली तरी कडक होणार नाही.

चिकटपणाचं दुसरं कारण म्हणजे जाड हात. जवसाच्या तेलावर आधारलेली पॉलिशं बोटाने चोळून इतकी पातळ लावायची असतात, की लावल्यावर लाकूड ओलं दिसावं पण बोटाला काही लागू नये. पावसाळ्यात ती आणखी सावकाश सुकतात. वरची साय धरली आणि आतलं कच्चं राहिलं, तर ते काढून पुन्हा सुरुवात करण्यावाचून गत्यंतर नाही.

जुन्या ग्रिपवर चामडं असेल तर ते उचलून खाली बघा. घामाचं मीठ आणि बुरशी तिथे सापडतेच. चामडं परत चिकटवायची घाई नको.

बारीक गोल खड्डे

पॉलिश लावताच ते काही ठिकाणी मागे सरतं आणि गोल खड्डे पडतात, तेही पुन्हा पुन्हा त्याच जागी. हे सिलिकॉनचं काम. दोरीला लावायचं मेण, फर्निचर चमकवायचे स्प्रे, गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश, यांपैकी काहीतरी या धनुष्याला कधीतरी लागलेलं आहे. आधी घासलंत तर ते आणखी पसरतं. म्हणून क्रम पाळा: भांड्याच्या साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण सुकवा, मग टर्पेंटाइनने, दर पुसण्याला फडक्याची नवी घडी घेऊन पुसा, आणि त्यानंतरच पेपर. तरीही खड्डे पडले तर नितळ लाखेचा एक हात मधे द्या.

लिम्बवरच्या चिरा

इथे थांबून नीट बघावं लागतं, कारण चीर पॉलिशची आहे की फायबरग्लासची यावर धनुष्य वापरायचं की भिंतीवर टांगायचं हे ठरतं. टॉर्च लिम्बच्या अंगालगत तिरपा धरा. साठच्या दशकातल्या बऱ्याच धनुष्यांवर कारखान्यातलं पॉलिश जाड आणि कडक असे. वर्षानुवर्षं वाकून त्याला बारीक आडव्या चिरा पडतात. त्या सगळीकडे असतात, साधारण सारख्या अंतरावर, आणि दिसायला भीती वाटली तरी फक्त वरच्या थरात असतात. फायबरग्लासमध्ये लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पांढुरक्या रेघाही जुन्या धनुष्यांत आढळतात. त्या वाढत नसतील तर बहुधा फारसा धोका नसतो. पण एकच आडवी रेघ, एकाच ठिकाणी, नखाला अडकणारी, आणि त्यातही ती रायझर निमुळता होत लिम्बमध्ये मिसळतो त्या जागी असेल, तर ताण थेट तिथेच येतो. कापसाचा बोळा लिम्बच्या कडेने फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे काचेचं कुसळ उठलंय.

चिरा नुसत्या पॉलिशच्या असतील तर त्यांच्यावर नवा हात मारून काही साधत नाही. खालचा कडक थर चिरतच राहतो आणि ती चीर नव्यातून वर येते. दरवर्षी "पुन्हा चिरा आल्या" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या चिरा नव्या नसतातच. जुना थर काढायलाच हवा, आणि तो काढायची रीत महत्त्वाची आहे.

पेंट रिमूव्हर वापरू नका. मेथिलीन क्लोराइड असलेली रिमूव्हरं पॉलिशबरोबर फायबरग्लासमधलं रेझिन आणि सांध्यातला गोंदही खातात. हीट गनही नको, गरमीने सांधे सैल होतात. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली लॅमिनेटेड धनुष्यं याच कारणाने उकलतात. सगळ्यात भरवशाचं हत्यार म्हणजे कटरचं नवं ब्लेड. ते बोटांच्या चिमटीत जवळजवळ काटकोनात उभं धरायचं आणि कापायच्या दिशेने न नेता आपल्याकडे ओढायचं. जुनं पॉलिश पांढऱ्या भुकटीसारखं, कधी कोरड्या पापुद्र्यासारखं सुटतं. हाताला सुरुवातीला खरखर जाणवते, मग एकदम ब्लेड गुळगुळीत सरकायला लागतं. तिथे थांबायचं. भुकटीचा रंग पांढऱ्यावरून फायबरग्लासच्या रंगाकडे, काळा, तपकिरी किंवा हिरवा, वळला तर तुम्ही मर्यादा ओलांडलीत.

ही मर्यादा इतकी महत्त्वाची का? फायबरग्लासची पट्टी जेमतेम १ मिलिमीटर जाड असते, आणि वाकणाऱ्या पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. वरून थोडं जास्त गेलं तरी ओढण्याचं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, घटतं, आणि एकाच लिम्बचं गेलं तर दोन लिम्बांचा तोल बिघडतो. एका कडेचं जास्त गेलं तर लिम्ब पिळतो. म्हणून राहिलेलं काम ३२० आणि मग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून, लांबीच्या दिशेने आणि फक्त चमक मरेपर्यंत करा. पाण्यामुळे काचेची धूळ उडत नाही. तरी मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल. काम झाल्यावर तो चिखल ओल्या फडक्याने उचला, झाडू मारू नका.

लिम्बच्या बुडाशी शाईने लिहिलेलं ओढण्याचं वजन आणि लांबी, तसंच कंपनीचं छापील चिन्ह बहुतेकदा पॉलिशच्या थराखालीच असतं. वरचं पॉलिश काढलं की अक्षरंही जातात आणि ती परत येत नाहीत. तेवढी जागा आखून ठेवा, तिथलं जुनं पॉलिश राहू द्या, फक्त कडा ४०० पेपरने उतरत्या करा. नवा थर वरून सलग दिसतो. किती पाउंडांचं धनुष्य हे पुढच्या माणसालाही कळायला हवं.

नवं पॉलिश लिम्बसाठी लवचीकच घ्यायचं. मेलामाइन पॉलिश जेवणाच्या टेबलाला उत्तम, पण ते कडक असतं आणि लिम्बवर चिरतं. जाड एनसीचीही तीच गत. मी एका डब्याचं तेलकट पीयू किंवा स्पार वार्निश सुचवेन, टर्पेंटाइनने पातळ करून, सुती फडक्याने पुसल्यासारखं लावलेलं, चार-पाच पातळ हात. चमक कमी वाटली तरी चालेल. फवारणीपेक्षा हे मुंबईत कमी दगा देतं, कारण टर्पेंटाइन सावकाश उडतं आणि पृष्ठभाग तितका थंड होत नाही. पावसाळ्यातच करायचं असेल तर एसी चालवून कोरड्या केलेल्या खोलीत असं फडक्याने लावता येतं, जवळ समई, उदबत्ती किंवा गॅस नसेल आणि मधून मधून खिडकी उघडणार असाल तर. वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेलाची फडकी आपोआप पेटतात, ती पाण्यात भिजवून मग फेका.

सुकणं आणि पक्कं होणं यांत फरक आहे. हात लावता येतो म्हणून लगेच दोरी चढवू नका, दोन-तीन आठवडे जाऊ द्या. नाक जवळ नेल्यावर वास येत असेल तर अजून कच्चं आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्रपूजेत धनुष्य ठेवणार असाल तर हळद-कुंकू कच्च्या पॉलिशवर लागू देऊ नका, हळदीचा डाग थरात मुरतो. हाताला डीट असलेलं डासांचं औषध किंवा सॅनिटायझर लावून ग्रिप धरली तरी पॉलिश मऊ पडतं. ठेवताना प्लास्टिक किंवा रेक्झिन गुंडाळू नका, सुती पिशवी बरी. बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवून उभं ठेवू नका. दोरी उतरवून दोन खुंट्यांवर आडवं ठेवा.

दोरी डॅक्रॉनची, म्हणजे थोड्या ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची, बी-५० किंवा बी-५५. आजकालच्या न ताणणाऱ्या दोऱ्यांचा झटका जुन्या टोकांना सोसत नाही, नॉकजवळ, म्हणजे दोरी अडकवायच्या खाचेजवळ, फाटतं. चढवताना पायात अडकवून वाकवायची जुनी पद्धत सोडा, पिळलेल्या लिम्बांचं ते मोठं कारण आहे. त्याऐवजी स्ट्रिंगर, म्हणजे दोन्ही टोकांना अडकवून दोरी चढवायचा पट्टा, वापरा. पहिल्या दिवशी अर्ध्यापर्यंतच ओढा, हळूहळू सोडा, बाणाशिवाय दोरी सुटू देऊ नका. मग टॉर्च तिरपा धरून रायझरजवळचे दोन्ही सांधे बघा, दुसऱ्या दिवशी पूर्ण ओढल्यावर परत बघा. काही नवं दिसलं नाही तर बाण लावा, आणि दिसलं तर दोरी स्ट्रिंगरनेच उतरवा.